कर्टुल्याला नवरा पाहिजे

पिशोरची शेती धाकट्या जावेच्या हवाली करून आवडाबाई लेकाकडं औरंगाबादला, सिडकोत राहायला आल्या, तेव्हा लुगड्यांच्या गाठोड्यात त्यांनी कर्टुल्याचा एक जाडजूड कंद बांधून आणला होता. लेक बद्रीनाथ हसला. "आई, इथं काय डोंगर हाय का?" आवडाबाईंनी लक्षच दिलं नाही. त्यांनी कंद भिंतीलगत पुरला, पुढं उकरून त्याचे पाच केले आणि पाच वेल तारेवर चढवले.

वेल असे माजले की कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. दिवस मावळताना फिकट पिवळी फुलं उमलायची. प्रत्येक फुलामागं बोराएवढं, मऊ काट्यांचं हिरवं पिल्लू. ते बघून आवडाबाई लसूण सोलून ठेवायच्या. आणि चार-दोन दिवसांत पिल्लू पिवळं पडून गळायचं. असे दोन पावसाळे गेले. शेणखत झालं, ताक झालं, राख झाली, लिंबू-मिरची बांधून झाली. एक कर्टुलं हाताला लागेल तर शपथ!

त्यात धाकट्या जावेचा, दगडाबाईचा, फोन. "अक्का, लागली का कर्टुली? का हिकडून पाटीभर धाडू? बांधावर नुसता खच पडलाय."

"कशाला गं? हितं खाणारं माणूस पुरंना," आवडाबाई बोलून गेल्या.

"मंग पंचमीला येताना घिऊन या की! शेरातल्या कर्टुल्याची चव तरी बघू."

झालं. पंचमीच्या आदल्या दिवशी आवडाबाई पदर पुढं ओढून औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत कर्टुली निवडत बसल्या. नेमकं मागून कोणीतरी म्हणालं, "या अल्ला! घरी मांडवभर वेल, आणि आवडाबाई कर्टुली विकत घेतायत?"

शेजारच्या कमरुन्निसा आपा. मुलींच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. रिक्षात आवडाबाईंनी सगळं सांगून टाकलं. आपांनी स्वतःच्या घरी न जाता थेट ती भिंत गाठली, पाचही वेलांची फुलं उलटीपालटी करून पाहिली आणि हसत सुटल्या.

"हसता काय? रोग हाय का?"

"रोग कसला! सगळ्या बायाच आहेत. पुरुष एकही नाही."

"आं?"

"कर्टुल्यात नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. फुलामागं हे पिल्लू असलं की मादी, नुसता देठ असला की नर. नराचा पराग पतंगांनी आणून टाकला तरच पिल्लू धरतं. नाहीतर बिचारी वाट बघून सोडून देते."

"पण पाच वेल हायेत की वो! त्यात एकबी नर निघू नाय?"

"कंद एकच आणलात ना? मग या पाच बहिणीसुद्धा नाहीत, एकच बाई पाच ठिकाणी बसलीय. कंदातून आई जशीच्या तशी उगवते. बी पेरलं असतं तर आईबापाची सरमिसळ होऊन काही पोरं, काही पोरी निघाल्या असत्या."

"दोडक्याच्या एकाच वेलावर दोन्ही फुलं असत्यात. ह्यालाच का ही थेरं?"

"आपलं आपल्याशीच लग्न लागू नये म्हणून. परकं रक्त मिसळलं की दुष्काळात, रोगराईत एखादं तरी लेकरू तगतं. लाखो वर्षांत बसलेली रीत आहे. तुमच्यात मामाची पोरगी चालते, आमच्यात चुलत्याची. कर्टुलं आपल्या दोघींपेक्षा कडक."

आवडाबाई गालाला हात लावून बसल्या. "मंग आता नवरा कुठं बघायचा?"

"कुठं म्हणजे? तिच्या माहेरी. उद्या मीही येते पिशोरला."

पिशोरला आवडाबाईंनी कर्टुल्याची पिशवी पुढं केली. दगडाबाईनं आत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "खरंच लागली व्हय?"

"लागली की. चल, आपांना बांधावरचे वेल दाखवू."

"नगं, चिखल लई हाय."

"कालधरनं ऊन हाय."

"मंग साप असतेल. पंचमी हाय आज!"

आपा मात्र केव्हाच बांधाकडं निघाल्या होत्या. बांधावर वेल होते, फुलंही होती. कर्टुली शोधून दोन-चार सापडली. आवडाबाईंनी जावेकडं पाहिलं. "कुठंय गं तो खच?"

दगडाबाईनं पदराचं टोक चावलं. "वांझ वेल लई झालते, अक्का. नुसती फुलं, फळ नाय. म्या उपटून फेकले. तवापास्नं बाकीचेबी रुसलेत."

"अहो बाई," आपा ओरडल्याच, "तुम्ही सगळे नवरे उपटून टाकलेत!"

लिंबाखाली दगडाबाईचा नवरा रामकिसन बसला होता. तो हळूच उठला आणि झाडामागं जाऊन बसला.

दगडाबाई रडायच्या बेतात आली, तेव्हा आवडाबाईंना राहवलं नाही. "रडू नको. माझीबी मंडईतली हायेत." दोघी जावा तिथंच बांधावर बसून पोट धरून हसल्या.

मग तिघी डोंगराच्या उतारावर चढल्या. काटेरी झुडपांत आपांनी नर वेल हुडकून काढले. पण पंचमीला जमीन उकरायची कशी? आवडाबाई ऐकेनात. शेवटी आपांनी आपला रुमाल वेलाला बांधून ठेवला आणि मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी रामकिसननं लगबगीनं कंद खणून दिले. त्याची एवढी तत्परता दगडाबाईनं आजवर पाहिली नव्हती. काही कंद बांधाला ठेवले, एक शहरासाठी घेतला. नर फुलांच्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातल्या.

फुलंब्रीच्या पुढं बसमध्ये अंधारून आलं. आवडाबाईंनी डबा उघडून पाहिला, तर कळ्या उमलायला लागलेल्या! कंडक्टर वाकून म्हणाला, "काय हाय, मावशी?"

"नवरदेव हाय."

"मंग वरात अशी मुकी का?" म्हणत तो पुढं गेला.

घरी बद्रीनाथनं बल्ब धरला. आपांनी एकेक नर फूल घेऊन मादी फुलांवर हळूच टेकवलं. आवडाबाईंनी तांदूळ टाकत पाठ असतील तेवढी मंगलाष्टकं म्हटली; नवरीकडून आपा दर वेळी "कबूल है" म्हणत होत्या.

या वेळी पिल्लं गळली नाहीत. दिसामाशी गुबगुबीत झाली. भाजी कशी करायची यावर मात्र मोठं भांडण झालं. आपांना खिम्यात हवी होती, आवडाबाईंना दाण्याचा कूट घालून. दोन्ही घरांत दोन्ही झाल्या आणि बद्रीनाथ दोन्हीकडं जेवला.

एक कर्टुलं दोघींनी तोडलंच नाही. ते वेलावरच पिकून केशरी झालं, उकललं आणि आतून लालभडक बी दिसलं. आपांनी ते कुंड्यांत पेरलं. यंदाचा पाऊस पडल्यावर कोंब आले आहेत. त्यातला पोरगा कोण आणि पोरगी कोण, हे फुलं येईस्तोवर आपाही सांगू शकत नाहीत. आवडाबाईंना धीर धरवत नाही. त्या रोज सकाळी भिंतीवरून हाक मारतात, "आपा, काय कळलं का?"