हार घातलेला प्रोजेक्टर

मित्रांनो, मी एक प्रोजेक्टर आहे. जुना म्हणा हवं तर. पण मी काम करून झिजलो नाही, कपाटात बसून जुना झालो. भीतीनं माणूस अर्धा होतो म्हणतात. यंत्राचंही तसंच असतं, माझ्याकडे बघा.

एका संस्थेच्या अनुदानातून मी चौलजवळच्या एका शाळेत आलो. मला वर्गात कसं वापरायचं, याचं प्रशिक्षणही शिक्षकांना त्याच अनुदानातून मिळालं. मुख्याध्यापक विश्वंभर गुरुजी आणि चौथीच्या कुमुदबाई मला घेऊन अलिबागला गेले. तिथले साहेब भराभर बटणं दाबत सुटले, मधूनच "समजलं ना?" म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. समजलं कुणाला? कपाळ! पण शिक्षकानं "मला येत नाही" म्हणायचं म्हणजे केवढी नामुष्की! मला कुणी बोटही लावलं नाही.

परतल्यावर गुरुजींनी मला लोखंडी कपाटात कोंडलं.

"बाई, वस्तू अनुदानाची आहे. बिघडली तर जाब कोण देणार? राहू दे सुखरूप."

सुखरूप म्हणे! आत काळोख, वर समुद्राची खारी, दमट हवा. बाहेर मुलं पाढे म्हणायची आणि मी दाराकडे कान लावून बसायचो.

एकदा दार उघडलं. खंडेनवमी होती. गुरुजींनी मला हळदकुंकू लावलं, पाणी शिंपडलेला झेंडूचा टपोरा हार घातला, मनोभावे हात जोडले आणि हारासकट परत आत ठेवलं! पूजेचा हार काढायला त्यांचं मन होईना. तो माझ्या अंगावरच कुजला. ओल पोटात शिरली, भिंगावर काहीतरी हळूहळू पसरू लागलं. मी फार घाबरलो हो. पण ओरडणार कसा?

मग कळलं, संस्थेच्या अनुयाताई पाहणीला येणार. वापरात नसलेली यंत्रं त्या परत नेणार होत्या, आणि बिघडलेली थेट भंगारात. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

त्या दिवशी बाईंनी मला वर्गात मांडलं. वायर कुठं बसवायची तेच त्यांना आठवेना. दाबा एकदाचं बटण, असं वाटे. लगेच वाटे, नको, दिवा फुटला तर? त्यांनी दाबलं. नुसती घरघर झाली. मग भिंतीवर उजेड पडला, कोकण किनाऱ्याचा नकाशा उमटला आणि त्याच्या मधोमध एक काळपट, केसाळ डाग.

"बाई, समुद्रात ह्यो कसला डाग हाय?" पुढं बसलेल्या तेजस्वीनं विचारलं.

अनुयाताई गुरुजींकडे बघू लागल्या. संपलं माझं, मी म्हटलं.

"बुरशी आहे ती, तेजस्वी," बाई म्हणाल्या. "आम्ही याला घाबरलो, म्हणून कोंडून ठेवलं. ताई, मला हे अजून नीट येत नाही. याला न्यायचं तर न्या, पण मला पुन्हा शिकवा."

गुरुजी उठले. आता मला बंद करणार! पण ते माझ्याजवळ आले, चष्मा सावरला आणि सगळ्या मुलांदेखत विचारलं, "मलाही सांगा हो बाई, चालू करायचं बटण कुठलं?"

अनुयाताईंनी मला नेलं नाही. आता प्रशिक्षण आमच्याच वर्गात होतं आणि बटणं शिक्षक दाबतात. डाग मात्र भिंगाच्या आत आहे, तो जात नाही. सुट्टी जवळ आली की अजून वाटतं, पुन्हा कपाटात तर नाही ना कोंडणार?

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझा एखादा भाऊ असाच पडून असेल. त्याला नुसतं जपू नका, वापरा. तुमच्या शिक्षकांना म्हणा, "चला, लावून बघू." ते रागावले तर घाबरू नका. ते तुमच्याहून जास्त घाबरलेले असतात.