बोटांचे इंजेक्शन

दूध पाजण्याची त्या घरात ठरलेली जागा होती: स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारची, एका बाजूचा हात नसलेली खुर्ची. तो हात नवऱ्यानेच कापून काढला होता. नवरा सुतार, बायकोचे कोपर तिथे अडखळते हे दिसल्यावर त्याने चर्चा केली नाही, करवत आणली. सकाळी ती खुर्चीत बसे, मांडीवर उशी घेई, उशीवर लेकीला घेई, आणि मग घरातली कामे एकदम सुरू होत. गॅसवर चहा उकळे, सासूबाई पातेल्याकडे पाठ करून खिडकीतल्या कुंडीला उपदेश करीत, आणि लेक प्यायला लागे. लेकीला सगळे गुंडी म्हणत, कारण ती गुंडीसारखी गोल होती आणि जिथे ठेवावी तिथून निसटत असे. पिताना गुंडीचा एक हात वर जाई. आईच्या दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी होती. त्या आठीत ती आपले बोट रोवी आणि दुधाचा नळ तिथूनच सुटतो अशा विश्वासाने दाबून धरी.

त्या सकाळी नवरा मोरीशी दात घासत उभा होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हते. तोंडात ब्रश असला की बाकीचे जग गप्प बसते; तो मात्र ब्रश दातांत धरून दोन्ही हातांनी मनसोक्त बोले.

'आज जाणार?' त्याने खुणेने विचारले. भुवया वर.

तिने होकाराची मान हलवली.

'का?' भुवया खाली, कपाळाला आठी, हनुवटीवर फेस.

त्यांच्या खुणांच्या भाषेत शब्द हातांवर असत आणि व्याकरण चेहऱ्यावर. 'का' आणि 'कारण' यांची तर खूणही एकच होती. कपाळाला आठी घातली की तो प्रश्न, कपाळ सपाट ठेवले की ते उत्तर.

'कारण माझं कपाळ,' तिने मोकळ्या हाताने उत्तर दिले.

'तुझं कपाळ!' तो म्हणाला, आणि चूळ भरायला वळला. कपाळ तुझे आहे, काय वाटेल ते कर, असे त्याला म्हणायचे होते, की नुसतेच 'तुझं कपाळ', हे तिला पाठीवरून ओळखता आले नाही.

ती खुणांची दुभाषी होती. एका वृत्तवाहिनीवर, पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत उभी राहून, ती बातम्या हातांनी सांगत असे. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि निर्मात्याचा निरोप आला होता: 'सोमवारी या. फक्त प्रेक्षक म्हणतात, कोपऱ्यातल्या बाई बातमीवरच डाफरतात. कपाळाचं काही करता आलं तर बघा. तुमच्या जागी आलेली मुलगी फार प्रसन्न दिसते.' शेवटचे वाक्य तिला पाठ झाले होते. तसे ते खोटेही नव्हते. पूर्वी प्रश्न संपला की आठीही आवरते घेत असे. आता जागरणांनंतर प्रश्न निघून जाई आणि आठी तिथेच बसून राही, पाहुणा गेल्यावर विसरलेल्या छत्रीसारखी.

म्हणून तिने आठी घालवणाऱ्या इंजेक्शनसाठी त्वचेच्या दवाखान्यात वेळ घेतली होती. इंटरनेटवर वाचले होते. एक बाई लिहीत होती, मी त्याच दिवशी पाजलं, पोर ठणठणीत आहे. दुसरी लिहीत होती, विष आहे ते, विष! तिसरी म्हणत होती, काही तास दूध काढून ओतून द्या, मग खुशाल पाजा. तिसरी तिला सोयीची वाटली. फ्रिजमध्ये काढलेल्या दुधाच्या दोन बाटल्या तयार होत्या. डॉक्टरांनी विचारलेच नाही तर आपण होऊन काही सांगायचे नाही, असेही तिने मनाशी ठरवले होते. आणि तेवढा विचार मनात आला की ती घाईघाईने दुसरे काहीतरी करू लागे.

"अहो आई," ती म्हणाली, "मी जरा डॉक्टरांकडे जाऊन येते. बोटॉक्स घ्यायचंय."

सासूबाईंचा उभा जन्म टेलिफोन केंद्रात लोकांचे आवाज एकमेकांना जोडण्यात गेला होता. आता त्यांना अर्धे ऐकू येई. उरलेले अर्धे त्या स्वतः जोडीत.

"बोटांचं? इंजेक्शन?"

"हो, तेच," ती म्हणाली, कारण नेमका त्याच क्षणी गुंडीने चावा घेतला होता.

"घे बाई, घे! मी म्हणणारच होते. सोन्यासारखी बोटं तुझी, इतके महिने लंगोट बदलण्यात गेली. आखडली असतील. पोटापाण्याची आहेत ती, त्यांचं बघायलाच हवं." त्यांनी गॅस बंद केला. चहा तोवर पातेल्याबाहेर पोचला होता. "थांब, मीही येते. माझा अंगठा बघ, रात्री नुसता ठणकतो. दोघींचं एकदमच होऊन जाईल."

सासूच्या या अनपेक्षित औदार्याने चाव्याने कळवळलेली ती इतकी भारावली की बोटे, अंगठा यांकडे तिचे लक्षच गेले नाही. म्हातारी काळाच्या पुढे आहे, एवढेच तिच्या मनात आले.

दवाखान्याची खोली पांढरी होती आणि तिथली खुर्ची इतकी खोल होती की सासूबाई तिच्यात दिसेनाशा झाल्या. समोरच्या टेबलामागची मदतनीस बाई गोड होती, पण तिच्या चेहऱ्याचा वरचा मजला बंद होता. सासूबाईंनी अंगठ्याची सगळी हकिकत तिला ऐकवली. ती ओठांनी हळहळली, कपाळाने नाही.

"मनाला काही लागलं नाही तिच्या," सासूबाई सुनेच्या कानात कुजबुजल्या. ती कुजबुज दाराबाहेरही गेली असावी.

डॉक्टरीणबाई प्रौढ होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या कपाळावर सुरकुत्यांचे बऱ्यापैकी मोठे कुटुंब नांदत होते. त्यांनी तिला उजेडाकडे तोंड करून बसवले, भुवया आक्रसायला लावल्या, सोडायला लावल्या. मग दुपट्यातल्या गुंडीकडे पाहिले.

"बाळ अंगावर पितं का?"

तिने तोंड उघडले. काय सांगणार होती, ते तिचे तिलाही ठाऊक नव्हते.

"पितं म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "उघडी पाणपोई आहे! ही बसली की ते चिकटलं."

तिला हसू फुटले, आणि हसता हसता जाणवले की छातीवरचा एक धोंडा सासूने नकळत उचलून बाजूला ठेवला आहे.

"हो, पिते," ती म्हणाली. "तेच विचारायचं होतं मला. चालतं का? मी वाचलं, काही तास दूध काढून टाकलं की झालं."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "नीट सांगते. हे औषध टोचलं तिथल्याच स्नायूवर काम करतं, तो काही महिने ढिला पडतो. मात्रा अगदी लहान असते. बाळाला बाधण्याइतकं दुधात उतरत असेल, असं वाटत नाही. पण 'वाटत नाही' आणि 'तपासून पाहिलंय' यांत फरक आहे ना? पाजणाऱ्या बायांचा अभ्यास फारच थोडा झालाय. काही डॉक्टर देतात, मी त्यांना वाईट म्हणणार नाही. आणि किती तास दूध टाकलं म्हणजे धोका टळला, हे मात्र कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. तो आकडा लोकांनी मनानं काढलाय."

"मग तुम्ही काय म्हणाल?"

"दुखण्याचं औषध असतं तर दोन्ही बाजू तोलून पाहिल्या असत्या. इथे दुखणं नाही, आठी आहे. ती कुठे पळून जाणार? मी थांबा म्हणेन. ठरवायचं तुम्ही."

तेवढ्यात सासूबाईंनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि अंगठा ताठ केला.

"मी काही पाजत नाही," त्या म्हणाल्या. "मला द्या."

"कुठे देऊ?"

"अंगठ्यात! आणि हिला नाही म्हणताय, पण हिच्या बोटांचं मग काय?"

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिले. सुनेने सासूकडे पाहिले. सकाळचे सगळे संभाषण तिच्या डोळ्यांपुढून उलट्या पावली गेले.

"अहो आई, बोटांत नसतं ते. कपाळात देतात."

"कपाळात?" सासूबाईंनी अंगठा मागे घेतला, जसे कुणी भलत्याच्या दारावर टकटक करून मागे सरावे. "मग बोट कशाला म्हणतात मेले? कपाळॉक्स म्हणा की!"

डॉक्टरीणबाई आधी तोंडावर हात ठेवून हसल्या, मग हात सोडून हसल्या. दारातली मदतनीस हसली, वरचा मजला वगळून, पण खांदे गदगदा हलवून. सून तर हसून हसून वाकली. सगळे हसताहेत हे पाहून गुंडीनेही कारण न विचारता एक किंकाळी ठोकली.

"पण कपाळाचं करणार काय तुम्ही?" सासूबाईंना आता शास्त्र हवे होते.

डॉक्टरीणबाईंनी दोन अंगठ्यांनी सुनेच्या भुवया अलगद बाजूला ओढल्या. "साधारण असं दिसेल."

"छान दिसतंय हो," सासूबाईंनी मान्य केले. "गुंडीच्या बारशातल्यासारखी दिसतेय."

त्याच अवस्थेत सुनेने गुंडीकडे पाहून हात उचलला आणि रोजच्या सवयीने विचारले: 'का?' का हसतेस?

गुंडी बघत राहिली. सासूबाईंनी ही भाषा मुलाच्या पाळण्याशी बसून शिकली होती. त्यांनी लगेच सुनेची चूक पकडली. "हे 'का' कुठे झालं? हे 'कारण' झालं."

"नाही, 'का' म्हणतेय मी."

"हात म्हणतोय, कपाळ म्हणत नाहीये. कारण, कारण, कारण! आणि पुढे काहीच सांगत नाहीस. एखादा वाट बघून म्हातारा होईल."

"कमी मात्रा दिली तर थोडी हालचाल राहते," अंगठे काढून घेत डॉक्टरीणबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "ते तेव्हा बघता येईल. आजचा प्रश्न दुधाचा आहे."

आठी आपल्या जागेवर परत आली. गुंडीने ती ओळखली, पुढे झेपावली आणि आपले बोट तिथे रोवले.

निर्मात्याचे वाक्य तिला पुन्हा आठवले. फार प्रसन्न दिसते. ती चौकट लहान असली तरी तिची होती आणि ती गमवायची तिची अजिबात तयारी नव्हती. पण आठी आपली आहे, आणि दूध गुंडीचे आहे, असा साधा हिशेब तिला तेव्हा दिसला. हिच्या वाट्याच्या गोष्टीत आपले 'वाटत नाही' कशाला मिसळायचे?

"राहू दे," ती म्हणाली. "दूध सुटेपर्यंत तरी."

"आणि अंगठा?" सासूबाईंनी विचारले.

"अंगठ्याला हाडांचे डॉक्टर. तळमजल्यावर बसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेरच्या खोल खुर्चीत गुंडीला पदराआड घेऊन तिने एका हाताने निर्मात्याला लिहिले: 'सोमवारी येते. मी पाजते आहे, म्हणून कपाळाचं काही करणार नाही. शिवाय ती आठी म्हणजे राग नाही, प्रश्नचिन्ह आहे. प्रेक्षकांना हवं तर मी एकदा समजावून सांगेन.' निर्मात्याचे उत्तर लगेच आले: नुसता एक अंगठा. सासूबाईंनी तो बराच वेळ न्याहाळला आणि मत दिले, "याचा ठणकत नाही वाटतं."

सोमवारी, चौकटीत उभे राहण्याआधी, तिने रंगपटाच्या खोलीत कडी लावून दूध काढले, बाटलीचे झाकण घट्ट केले आणि बाटली बर्फाच्या पिशवीत ठेवली. निर्मात्याचा पहिला निरोप आल्यापासून आठी झाकायला म्हणून तिने कपाळावर बटा ओढायला सुरुवात केली होती. आरशासमोर तिने त्या मागे घेतल्या आणि पिन लावली.

पहिलीच बातमी एका कोसळलेल्या पुलाची होती. निवेदकाने कागदावरून मान वर करून विचारले, "का?"

कोपऱ्यातल्या बाईंनी हात उचलला आणि कपाळाला व्यवस्थित आठी घातली.