बाणाची खूण

मी एक जुने झाकण आहे. डब्याचे नव्हे, मित्रांनो, तोफेचे! अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाची एक शिडांची युद्धनौका बांधली गेली. तिच्या कुशीत चौकोनी खिडक्या कापल्या. प्रत्येक खिडकीमागे तोफ आणि पुढे माझ्यासारखे झाकण. जाड ओक लाकूड, आतून तांबडा रंग आणि कोपऱ्यात कोरलेला लहानसा बाण. राजाच्या मालावर ही खूण असे.

स्वभावाने मी संशयी. नोकरीच तशी होती. शत्रूची जहाजे मित्राचे निशाण लावून जवळ येत आणि वेळ आली की आमचे कप्तानही तेच करत. त्यामुळे ओळखीचे निशाण दिसले की मला आधी धडकी भरे. दोराने मला वर ओढले की लढाई सुरू. आम्ही पुष्कळ लढलो, आमचे कौतुकही झाले. मग नौका म्हातारी झाली. तिच्यात कैदी कोंडले आणि शेवटी ती मोडून लाकूड विकले. हात बदलत बदलत मी आखातात, देऱ्याच्या बाजारात, मुनीरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात येऊन पडले.

तिथून मला उपेंद्र आणि त्याची बायको हेमा यांनी विकत घेतले. मुनीर शपथेवर सांगत होता की माल अस्सल आहे. तेवढ्यानेच उपेंद्रला शंका आली. तो रुवैसच्या तेल कारखान्यात पाइप तपासतो. वरचा रंग खरवडून आतले लोखंड बघितल्याशिवाय सही करायची नाही, हा त्याचा शिरस्ता. संग्रहालयात काम करणारी हेमाची मैत्रीण नबिला शनिवारी मला बघायला येणार होती.

"अरे, तिला बघू दे ना आधी," हेमा म्हणाली.

"तिच्यासमोर फजिती नको. वरचा कलर कुणीही मारतं. आतलं मटेरियल चेक करतो, मग खलास."

त्याने मला मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत यूनुसच्या वर्कशॉपमध्ये नेले. यूनुसने विचारले, पूरा घिसना है? उपेंद्र म्हणाला, पूरा. यंत्र फिरले. मला फार दुखले, मित्रांनो. तांबडा रंग गेला, काळवंडलेला वरचा थर गेला आणि खालून स्वच्छ, उजळ लाकूड निघाले. जुने, निरोगी लाकूड घासले की असेच दिसते. उपेंद्रला मात्र ते नवे वाटले. मुनीरने आपल्याला फसवले, असे तो वाटभर हेमाला फोनवर सांगत राहिला.

शनिवारी नबिला आली. तिने माझा कोपरा बोटांनी चाचपला, पुन्हा चाचपला.

"यहाँ कोई निशान था? तीर जैसा?"

उपेंद्रचा चेहरा उतरला. "था. मैंने घिसवा दिया."

खूण आणि रंग असते तर काही सांगता आले असते, ती हळूच म्हणाली. आता कोणालाच सांगता येणार नाही. हेमाने मला भिंतीकडे तोंड करून ठेवले.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर संशय जरूर घ्या, पण हत्यार लावण्याआधी जाणत्याला विचारा. आमचे खरेपण पुष्कळदा वरच्या मळातच असते. मी तोफेपुढे उभे होते, हे आता तुम्हाला केवळ माझ्या शब्दावर मानावे लागेल. तुमच्या जागी मी असते, तर मानले नसते.