तीन ओळींचं काम

आल्यागेल्याला नन्नाचा पाढा ऐकवतो म्हणून त्याला सगळे नन्ना म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते मनातून आवडायचं. एका प्रोग्रामिंगच्या भाषेची स्टँडर्ड लायब्ररी त्याच्या ताब्यात होती. म्हणजे भाषेसोबत सगळ्यांना आपोआप मिळणारी तयार फंक्शनं. त्यात काय घालायचं आणि काय नाही, याचा शेवटचा शब्द नन्नाचा. रोज अर्ज यायचे. कुणाला यादीतला मधला आकडा काढून देणारं फंक्शन हवं, कुणाला नावातली जास्तीची मोकळी जागा पुसणारं. सूर असा, की ही एवढी सोय झाली नाही तर आमचं घोडं अडलंच. नन्ना सगळ्यांना एकच उत्तर पाठवायचा: "हे तीन ओळींचं काम आहे. कृपया स्वतः लिहावं." तेही रोज टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून त्याने कीबोर्डवर त्यासाठी एक खास बटण ठरवून ठेवलं होतं. स्वतःच्या सोयीच्या बाबतीत माणूस अगदीच निर्दय नव्हता.

एका मंगळवारी त्याने ते बटण दाबलं आणि सख्ख्या मोठ्या बहिणीचाच अर्ज उडवला.

ताई एका हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबची प्रमुख होती. भाषा घरचीच म्हणून तिने लॅबचं सगळं काम त्या भाषेत बसवलं होतं. तिला हवं होतं ते इतकंच, की लांबलचक यादी दिली की तिचे ठरावीक आकाराचे गट पाडून मिळावेत. फोन करून सांगता आलं असतं, पण वशिला नको म्हणून तिने रीतसर अर्ज भरला. उत्तर आठ सेकंदांत आलं. मग मात्र तिने फोन केला आणि उद्या जरा लॅबमध्ये येऊन जा, असं अतिशय गोड आवाजात सांगितलं. ताईचा आवाज गोड झाला की आपलं काहीतरी चुकलंय, हे नन्नाला लहानपणापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला मशीनसमोर उभं केलं. मशीनच्या एका ट्रेमध्ये रक्ताच्या बारा नळ्या मावत. सकाळी आलेल्या नावांचे बारा-बाराचे गट करायचे आणि ट्रे भरायचे. लॅबमध्ये पाच टेक्निशियन होत्या, आणि नन्नाच्या जगजाहीर उपदेशाला मान देऊन पाचही जणींनी अर्जाच्या कितीतरी आधीच आपापल्या तीन ओळी लिहिल्या होत्या. महिनाभर सगळं सुरळीत चाललंय असं वाटत होतं. मग रिपोर्ट का नाही आला म्हणून विचारायला लोकांचे फोन येऊ लागले, आणि फ्रिजच्या कोपऱ्यात न तपासलेल्या सात नळ्या सापडल्या. त्यांतली एक वीस दिवसांच्या बाळाची होती. त्याला परत आणून पुन्हा सुई टोचावी लागली. हे सांगताना ताईचा आवाज गोड नव्हता.

नन्नाला वाईट वाटलं, पण खोड जाईना. चूक लिहिणाऱ्यांची आहे, लायब्ररीची नाही, असं त्याने समजावलं. सगळ्यांनी मिळून एकच फाइल वापरावी, नीट लिहिलेली. मग तूच लिहून दे, असं ताई म्हणाली, आणि तिने आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

नन्नाने बाह्या सरसावल्या. पाचही टेक्निशियन हातातलं काम सोडून मागे येऊन उभ्या राहिल्या, त्यामुळे त्याने जरा जास्तच ऐटीत टाइप केलं. यादीची लांबी घेतली, बाराने भागली, येतील तितके गट पाडले. मोजून तीन ओळी. ताईने त्या सकाळची सव्वीस नावं त्यात घातली. पडद्यावर दोन ट्रे आले, बारा आणि बारा.

उरलेली दोन माणसं गायब होती. सर्वांत धाकटी टेक्निशियन एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघू लागली आणि तिचे खांदे हलायला लागले. नन्नाचे कान तापले. तीन ओळींच्या वल्गना करणारा माणूस तिसऱ्याच ओळीत तोंडावर आपटला होता.

ताईने सगळ्यांना कामाला पिटाळलं आणि स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसली. परवा लायब्ररीच्या नव्या आवृत्तीची मुदत संपत होती, नंतर वर्षभर काही घालता येणार नव्हतं. तिने शांतपणे विचारलं, "चूक झाली तर होऊ दे, पण ती आपल्या नावावर नको. एवढंच ना रे?"

नन्नाने पडद्यावरच्या आपल्या तीन ओळी पुसून टाकल्या. मग त्याने सांगून टाकलं. अठरा वर्षांपूर्वी, नवा नवा असताना, त्याने दोन तारखांमधले दिवस मोजणारं एक फंक्शन लायब्ररीत घातलं होतं. ते एक दिवस जास्त मोजतं. चूक कळेपर्यंत हजारो लोकांनी आपापल्या प्रोग्राममध्ये उत्तरातून एक वजा करायला सुरुवात केली होती. आता फंक्शन सुधारलं तर त्या सगळ्यांची उत्तरं चुकणार. म्हणून ते तसंच आहे, आणि शेजारी त्याचं नाव. दर वर्षी कुणीतरी नवा येऊन हे कुणी लिहिलंय म्हणून विचारतो. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता.

"मला भीती वाटते, ताई," तो म्हणाला. "एकदा आत गेलेलं बाहेर काढता येत नाही."

ताईने त्याची चेष्टा केली नाही. ती म्हणाली, "अठरा वर्षं लोक एक वजा करतायत, पण सगळे एकच वजा करतायत ना? तुझी चूक जगाला माहीत आहे. आमच्या चुका आमच्या आम्हालाही माहीत नव्हत्या. बाळाच्या आईचा फोन आला तेव्हा कळल्या."

नन्नाने ताईचा उडवलेला अर्ज पुन्हा उघडला.

त्याने दोन दिवस रजा टाकली आणि ते फंक्शन लिहिलं. यादी रिकामी असली तर? गट शून्याचा मागितला तर? शेवटचा गट अर्धवट राहिला तर? लिहिता लिहिता एकेचाळीस ओळी झाल्या, आणि त्या तपासणाऱ्या ओळी त्याहून दुप्पट. लायब्ररी सांभाळणारे त्याचे दोन सहकारी गेली कित्येक वर्षं त्याच्या तोंडून 'हो' ऐकायला टपलेले होते. तब्येत बरी आहे ना, अशी त्यांनी काळजीने चौकशी केली. मुदत संपायच्या दोन तास आधी नन्नाने फंक्शन आत घातलं. लिहिणाऱ्याचं नाव टाकायच्या जागी त्याने आपलं नाव पूर्ण टाकलं, आडनावासकट.

नवी आवृत्ती आली त्या सकाळी तो न बोलावता लॅबमध्ये गेला. ताईने यादी घातली. त्या दिवशी सदतीस नावं होती. पडद्यावर चार ट्रे आले, तीन भरलेले आणि चौथ्यात एकच नाव. ताईने ती एकटी नळी ट्रेमध्ये ठेवली, मशीनचं झाकण लावलं आणि तुझं काम झालं, आता जा घरी, असं त्याला सांगितलं.

तो गेला नाही. चौथ्या ट्रेमधल्या त्या एकट्या माणसाला तो ओळखत नव्हता, तरी रिपोर्ट छापून बाहेर येईपर्यंत पाऊण तास तिथेच स्टुलावर बसून राहिला.