उसने हात

लोकांची चित्रं काढणाऱ्या त्या बाईंचं एक गुपित होतं. चित्रात चेहरा ज्याचा त्याचा असे, हात मात्र त्यांच्या नवऱ्याचे. मोठी माणसं चेहऱ्यासाठी कशीबशी बसत आणि लगेच घड्याळ बघू लागत. हातांसाठी कोण थांबणार? मग कामावरून आलेला नवरा खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, समोरचा चहा गार होईपर्यंत. न्यायाधीश, प्राचार्य, बँकेचे अध्यक्ष, सगळे त्याचे हात घेऊन भिंतीवर चढले होते. अशा एखाद्या कार्यालयात गेलं की तो बायकोला कोपराने ढोसून सांगायचा, "बघ, मी इथेही आहे." स्वारी दिवसभर खूश.

गेल्या वर्षी ते हात थरथरू लागले. शर्टाची बटणं बाई लावून देऊ लागल्या. घरात तो त्यावर थट्टा करी, पण चारचौघांत हात खिशातून बाहेर काढत नसे.

अशात रुग्णालयाकडून काम आलं. निवृत्त होणाऱ्या मोठ्या सर्जनचं चित्र हवं होतं. बाईंनी चेहरा झकास उतरवला आणि नवऱ्याला त्रास नको म्हणून डॉक्टरांचे दोन्ही हात सरळ कोटाच्या खिशात घातले. वर स्वतःच्या शहाणपणावर खूशही झाल्या.

नवरा चित्रासमोर येऊन उभा राहिला.

"ऑपरेशन करणाऱ्या माणसाचे हात खिशात?"

"बरं दिसतं तसं," बाई म्हणाल्या.

"मला कामावरून काढलंस होय गं?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल म्हणून, असं काहीबाही त्या सांगू लागल्या. त्यावर तो म्हणाला की हात दिवसभर थरथरतातच, तुझ्यापुढे थरथरले तर काय बिघडलं?

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते खिसे सुरीने खरवडून टाकले. नवरा खुर्चीत बसला, पण हात काही केल्या स्थिर राहीना. तो स्वतःवरच चिडू लागला. तेव्हा बाईंनी स्टूल ओढून त्याच्या शेजारी घेतलं, त्याच्या उजव्या हातावर आपला वाकड्या करंगळीचा डावा हात घट्ट ठेवला आणि समोरच्या कपाटाच्या आरशात बघत दुसऱ्या हाताने रंगवू लागल्या. हळूहळू तो हात शांत झाला. उजेड गेला तरी दोघं तशीच बसून होती. चित्राचं उरलेलं काम मात्र बाईंनी त्याला दाखवलं नाही.

चित्र लागलं त्या दिवशी रुग्णालयाच्या दालनात गर्दी होती. डॉक्टर हातावर हात ठेवून निवांत बसलेले दिसत होते. सगळ्यांनी वाहवा केली. नवऱ्याने सवयीने बाईंना ढोसलं.

"बघ, मी इथेही..."

तो थांबला, पुढे वाकून बघू लागला. वरच्या हाताची करंगळी जराशी वाकडी होती.

"वरचा हात माझा नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "माझा आहे. अंगठी तेवढी रंगवली नाही."

त्याने सगळ्यांदेखत खिशातून हात बाहेर काढला आणि तसाच थरथरता बाईंच्या हातात दिला.