विटकरी हातमोजा

पिंपात उंदीर झालेत हे काटेकोरांच्या आधी त्यांच्या बायकोला कळलं, आणि त्यात नवल काही नव्हतं, कारण हिवाळ्यापासून तिचा मुक्काम स्वयंपाकघराच्या खिडकीशी ठेवलेल्या खुर्चीतच होता आणि त्या खिडकीतून मागच्या बागेतलं खताचं पिंप सोडलं तर पाहण्यासारखं फारसं काही दिसत नव्हतं.

"अहो, तुमच्याकडे पाहुणे आलेत," ती म्हणाली. "सहकुटुंब दिसतायत."

काटेकोर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली, दुकानदारांच्या तराजूंकडे संशयाने बघता बघता त्यांचा स्वभावही तसाच तोलूनमापून वागण्याचा झाला, आणि हे नाव त्यांना गल्लीने बहाल केलं. निवृत्तीनंतर तपासायला तराजू उरले नाहीत तेव्हा त्यांनी आपला सारा काटेकोरपणा त्या पिंपात ओतला. ओल्या सालींचा एक थर, त्यावर सुक्या पानांचा दुप्पट थर, चहाचा चोथा निथळून, अंड्यांची टरफलं चुरून. शिजवलेल्या अन्नाला तिथे मज्जाव होता. तुमच्यापेक्षा तुमचं पिंप वेळेवर जेवतं, असं बायको म्हणायची. अशा पिंपात उंदरांनी बिऱ्हाड करावं हे त्यांच्या मनाला फार लागलं.

खरं तर दोष उंदरांचाही नव्हता. हिवाळ्यात एका सकाळी बायको कप उचलायला गेली आणि तिचा उजवा हात उठलाच नाही, तेव्हापासून पिंपाकडे बघायला कुणाला सवड होती? दवाखान्यातून ती परत आली, चालायला लागली, जीभ तर पूर्वीपेक्षा धारदार होऊन परत आली, पण उजवा हात मनगटापासून खाली जो गेला तो गेलाच. मांडीवर पालथा पडून असायचा. ती त्याला भाडेकरू म्हणायची. "भाडेकरू आज झोपलेत," असं तिने म्हटलं की रोज व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी खुदकन हसायची. काटेकोरांना मात्र हसू यायचं नाही.

कारण तो हात काय होता हे त्यांना ठाऊक होतं. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक बाळाची पहिली टोपी त्या हाताने विणलेली होती, आणि ती तिचीच आहे हे कुणालाही ओळखता यायचं, कारण काठाची वीण संपून अंगाची वीण सुरू होताना तिचा एक टाका हमखास निसटायचा आणि तिथे डाळीच्या दाण्याएवढं भोक राहायचं. इतक्या वर्षांत ही चूक सुटली नाही, आणि उसवून पुन्हा विणायचा तिला भारी कंटाळा. "हवा खेळती नको राहायला?" असं म्हणून ती मोकळी व्हायची. अर्ध्या ग्रॅमसाठी दुकानदारांना घाम फोडणारे काटेकोर त्या भोकाबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. त्यांच्या प्रत्येक स्वेटरला ते होतं, आणि खरं सांगायचं तर त्यावर त्यांचा जीव होता.

काटेकोरांच्या मुलीला दिवस गेले होते. दूरच्या गावाहून तिचा फोन आला की बायको भरभरून बोलायची, हे खा, ते खाऊ नकोस, जिने चढू नकोस. "आई, तू नुसती ये आणि बाळाला घेऊन बस," असं मुलगी म्हणाली त्या दिवशी तिने हसून हो म्हटलं आणि फोन ठेवला.

"मी नाही घेणार हं बाळाला," ती मग म्हणाली. "आपल्या हाताचा भरवसा नसताना दुसऱ्याचं लेकरू घेऊ नये. लांबूनच बघेन."

"दुसऱ्याचं कसलं? आपलंच आहे."

"म्हणूनच म्हणते."

काटेकोर चष्मा पुसत उभे राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

शेजारचे निवृत्त कंपाउंडर कुंपणावरून सल्ले देत असत. उंदीरच आहेत की घूस आहे, घूस असेल तर घराचा पाया पोखरेल, गोळ्या टाका आणि विषय संपवा, असं त्यांचं म्हणणं. पण त्या खतावर भाजी वाढायची होती, तिथे विष घालायला काटेकोर तयार नव्हते. त्यांनी रीतसर मार्ग धरला. ढीग कोरडा पडला की उंदरांना उबदार घर मिळतं, म्हणून तो भिजवायचा, सारखा खालीवर करायचा, आणि पिंपाला तळ नसल्याने खालून बीळ करून येतात म्हणून तिथे बारीक तारेची जाळी घालायची. एका सकाळी त्यांनी पिंप आडवं केलं. दोन-चार करडे उंदीर त्यांच्या चपलेवरून पळाले आणि ढिगाच्या मधोमध, सुक्या पानांच्या आणि कागदाच्या कपट्यांच्या आत, त्यांचं घरटं सापडलं.

घरट्याला विटकरी रंगाच्या लोकरीचं अस्तर होतं. कुरतडलेले तुकडे असतील म्हणून त्यांनी ते चिमटीत उचललं, आणि ते तुकडे नव्हते. तो एक गोल पट्टा होता, एक सुलट एक उलट अशा टाक्यांचा, मनगटात बसेल एवढा. पट्टा संपून पुढची वीण सुरू होत होती तिथे डाळीच्या दाण्याएवढं भोक होतं.

ते तडक आत गेले आणि कपाटावरची लोकरीची टोपली खाली काढली. दवाखान्यातून आल्या दिवशीच बायकोने तिच्या झाकणाला नाडी बांधून टाकली होती, एका हाताने आणि दातांनी, आणि ती गाठ इतकी ओबडधोबड होती की तशी पुन्हा कुणाला बांधता आली नसती. गाठ जशीच्या तशी होती. म्हणजे कुठला तरी जुना पट्टा असणार, कधीतरी केरात गेलेला, उंदरांनी उकरून आणलेला. माणसाला पटवून घ्यायचं असलं की तो असंच काहीतरी पटवून घेतो. काटेकोरांनी पट्टा कुंपणाशी टाकला, जाळी अंथरली, ढीग पुन्हा भरून चांगला भिजवला, आणि हात धुऊन आत आले.

"चार दिवस मनगटाला जरा ऊब वाटत होती," बायको म्हणाली. "आज बघा, पुन्हा गार पडलंय."

उंदीर गेले नाहीत. जाळीच्या एका कडेने त्यांनी वाट काढली. पुढच्या वेळी ढीग वर-खाली करताना फावड्याला काहीतरी मऊ लागलं तेव्हा काटेकोरांना ते काय असेल ते आधीच कळलं होतं. कुंपणाशी टाकलेला पट्टा परत आला होता, आणि आता तो नुसता पट्टा राहिला नव्हता. त्याला तळहात फुटला होता आणि बाजूला एक आखूड, जाडसर अंगठा.

त्याच वेळी आतून व्यायामाच्या मुलीने हाक मारली. "काका, लवकर या. अंगठा हलवला यांनी."

या बातमीने काटेकोर आनंदाने वेडे व्हायला हवे होते, आणि झालेही, पण पायांखालची जमीन सरकल्यासारखंही वाटलं. जन्मभर ज्याने या पारड्यात वजन आणि त्या पारड्यात माल एवढंच बघितलं, त्याला दोन पारडी अशी हवेत, मधे दांडी नसताना, एकमेकांना तोलताना दिसली की भीती वाटणारच. त्या भीतीपोटीच त्यांनी दुसऱ्या दिवशी कंपाउंडरांकडून गोळ्यांची पुडी घेतली.

पुडी हातात घेऊन त्यांनी पिंपाचं झाकण उचललं. हातमोजा अगदी वरच होता, जणू कुणाला तरी दाखवायला ठेवलेला. अंगठ्याशेजारचं बोट अर्धं झालं होतं आणि त्याच्या टोकाशी लोकरीचा धागा खाली पानांत गेला होता. तो धागा किंचित हलत होता. काटेकोर पुडी सोडणार एवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी खळ्ळकन फुटलं आणि पाठोपाठ बायकोचं हसणं ऐकू आलं, हिवाळ्यापासून न ऐकलेलं, पोटातून आलेलं.

"अहो, मी उचलला होता कप," ती खिडकीतून सांगत होती. "अंगठा आणि हे अर्धमुर्धं बोट. पडला तो पडला, पण उचलला होता."

काटेकोरांनी झाकण हलक्या हाताने लावलं. पुडी त्यांनी कंपाउंडरांना परत केली. "घूस नाहीये," ते म्हणाले. "उंदीरच आहेत. राहू देत."

कंपाउंडरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू या माणसाला आता उन्हात फार वेळ उभं राहू देऊ नये. काटेकोरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी जाळी काढून टाकली. ढिगावर पाणी मारणं बंद केलं. पावाचे कडक तुकडे, चीज, जे जे म्हणून पिंपात टाकू नये असं ते जगाला बजावत आले होते ते सगळं स्वतःच्या हाताने टाकू लागले, आणि पिंपाला वास यायला लागला तरी त्यांना तो वाईट वाटेना. तर्जनी सरळ झाली. मधलं बोट जागं झालं. बायकोने कुणाची मदत न घेता स्वतःची वेणी घातली, आणि ती तिरकी झाली म्हणून ती कुरकुरली तेव्हा काटेकोरांना बाहेर जाऊन डोळे पुसावे लागले.

मग एका दुपारी, अनामिका जेमतेम हलू लागली असताना, ती खिडकीकडे बघत सहज म्हणाली, "अहो, लोकर संपत आलीय."

तिच्या मांडीवर ना सुया होत्या ना लोकर. नुसता हात होता, पालथा.

"कसली लोकर?"

तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "मी काय म्हणाले?"

"काही नाही," काटेकोर म्हणाले.

त्यांनी टोपली काढली आणि या वेळी गाठ कापली. विटकरी लोकरीचा गुंडा सुपारीएवढा उरला होता, पण व्यवस्थित गुंडाळलेला. त्याला घेऊन ते बाजारात तीन दुकानं हिंडले. अगदी तोच रंग कुठेच मिळाला नाही, एक छटा फिकट होती ती घ्यावी लागली. परत आल्यावर त्यांनी नवा गुंडा पिंपात, पानांच्या वर, अलगद ठेवला. काहीतरी बोलायला हवं असं वाटलं, पण उंदरांशी काय बोलायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. "रंग थोडा उतरलेला आहे," ते म्हणाले. "सांभाळून घ्या."

सगळ्यात शेवटी करंगळी आली. बाकी बोटांपेक्षा ती जरा फिकी दिसते, डॉक्टर म्हणाले, रक्त हळूहळू पोचेल, पण एकूण प्रगती पाहून ते स्वतःच चकित झाले होते. त्या दिवशी काटेकोरांनी पिंपाचं झाकण उघडलं तेव्हा आत उंदीर नव्हते, घरटं नव्हतं, हातमोजाही नव्हता. काळंभोर, भुसभुशीत, हाताला ऊब देणारं खत तेवढं होतं, आणि इतकं चांगलं खत त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

बाळ झालं तेव्हा ते दोघं मुलीकडे गेले. गाडीत बसल्या बसल्या बायकोने टोपी पुरी केली, भोकासकट. मुलीने बाळ पुढे केलं तेव्हा क्षणभर बायको थबकली. मग तिने दोन्ही हात पसरले आणि बाळाला असं घेतलं की जणू ते तिच्या हातांच्या मापानेच घडवलं होतं. मुलगी रडली. काटेकोरांनी या वेळी चष्मा पुसला नाही, डोळ्यांतलं पाणी वाहू दिलं.

संध्याकाळी मुलगी आत आडवी झाली होती. बायको खुर्चीत बसली होती, बाळ तिच्या उजव्या हातावर डोकं टेकून झोपलं होतं.

"सगळं कसं जागेवर आलं ना," ती हळू आवाजात म्हणाली. "फक्त इथं." तिने डाव्या हाताच्या बोटाने उजवं मनगट संपून तळहात सुरू होतो ती जागा दाखवली. "एवढ्याशा जागेत काही कळतच नाही. आणि हसू नका, पण इथून मला हवा येते."

काटेकोर हसले नाहीत. तिथे काहीच दिसत नव्हतं, त्वचा अगदी तिच्या नेहमीच्या त्वचेसारखी होती. ते तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी त्या जागेवर बोटाचं टोक ठेवलं. जागा डाळीच्या दाण्याएवढी होती. बोटाला हवा लागली, बारीक, उबदार, ओल्या मातीच्या वासाची, एकदा आत जाणारी आणि एकदा बाहेर येणारी.

"लागतेय ना?" बायकोने विचारलं.

"बंद करू का?"

"नको," ती बाळाकडे बघत म्हणाली. "आतल्या पाहुण्यांना लागेल ती."