डक्टवरचे दोन ठोके

नरसिंगचा उजवा कान गेला तेव्हा त्यानं डाव्यावर भागवलं, आणि डावाही गेला तेव्हा तळहातावर. ही गोष्ट आपल्याशिवाय कुणालाच माहीत नाही, असा त्याचा पक्का समज होता. उभा जन्म पत्रा ठोकण्यात गेलेला. आधी धान्याच्या कोठ्या, मग नवरीला द्यायच्या पेट्या, आता हवेचे डक्ट. पत्र्याला नाक मुरडायची सोय नव्हती, कारण पोट त्याच्यावरच होतं. कान तेवढे बिचारे गेले.

लपवायचं कारण त्याची एकुलती लेक होती. पल्लवीनं हिंगोलीच्या आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला, तेव्हापासून बापलेक जोडीनंच कामाला जात. डक्ट बापाचं, वायरिंग लेकीचं. आता पुण्याच्या एका कंपनीनं तिला बोलावलं होतं आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. पण पोरगी काही हो म्हणेना. आईला म्हणाली, "बाबांना एकट्यानं जमंल का, एवढं ह्या कामात पाहू दे. मग सांगते."

जनकाबाईनं हे नवऱ्याच्या समोर बसून, तोंड नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. एवढं सुटं करून का सांगते, हे काही त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. त्याला एवढंच कळलं की हे काम म्हणजे परीक्षा आहे, लेकीची नव्हे, आपली. पोरगी जाणार, हे त्याला सोसत नव्हतं. पण आपल्यापायी ती इथं जवळा बाजार गावातच अडकून पडली, तर ते त्याला त्याहून सोसलं नसतं.

काम होतं आखाडा बाळापूरला, मीना डॉक्टरीणबाईंच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात. अशक्त बाळांच्या खोलीसाठी त्यांनी हीट पंप मागवला होता. मशीन गच्चीवर, हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा त्यानं द्यायचा आणि ती हवा पत्र्याच्या डक्टमधून, स्लॅब पार करून, खाली खोलीत उतरवायची. आजवर थंडी पडली की बाळंतिणीची माणसं पदराआड शेगडी लपवून आणत आणि डॉक्टरीणबाई धुराच्या नावानं दवाखाना डोक्यावर घेत.

"शेगडी गच्चीवर अन् बाळ खाली?" दवाखान्यातली आया बेबीबाई गाल हातावर टेकवून विचारायची. "मधल्या मधी ऊब कुठं गेली म्हणजे?"

"जाती कुठं! म्या डक्टचे डबे आवळलेत ना," नरसिंग म्हणायचा. बेबीबाईचा आवाज असा ठणठणीत की तो अजून थोडाफार पोचायचा.

बापलेकीत बोलायची रीत मात्र वेगळी होती. तो गच्चीवर, ती खाली बोर्डापाशी. करंट सोडण्याआधी तिनं टेस्टरच्या दांड्यानं डक्टवर दोन ठोके द्यायचे, म्हणजे चालू करू का. त्यानं वरून दोन दिले तर करायचं, एक दिला तर थांबायचं. एसटीच्या कंडक्टरची घंटी असते ना, एक वाजली की थांब आणि दोन वाजल्या की चल, तीच रीत. पल्लवी कुरकुरायची, "खिशात मोबाईल असून ठोके काहून, बाबा?" तो म्हणायचा, "पत्र्याची रेंज जात न्हाई." ती हसायची आणि ठोके द्यायची. वर तो डक्टवर तळहात टेकवून बसलेला असायचा. ठोका हाताला लागला की झालं. असं करून त्यानं दोन-तीन उन्हाळे खुशाल काढले होते.

शेवटच्या दिवशी कॅनव्हास लागला. मशीन आणि डक्ट यांच्यामध्ये जाड कापडाचा एक जोड घालावा लागतो. मशीन थरथरतं, आणि ती थरथर पत्र्यातून खाली उतरली तर बाळं दचकून उठतील. जोड जनकाबाईनं घरी शिलाई मशीनवर दुहेरी टीप घालून शिवून दिला होता. नरसिंगनं तो पट्टीनं आवळला, चारी बाजूंनी हात फिरवून पाहिला आणि बायकोच्या शिलाईवर खूश झाला.

चाचणीसाठी त्यानं गच्चीवरचा स्विच आधीच चालू करून ठेवला होता. आता खालून पल्लवीनं करंट सोडला की मशीन फिरणार. तेवढ्यात आतल्या पंख्यापाशी एक नट ढिला दिसला. त्यानं उजवा हात पान्यासकट आत घातला आणि डावा सवयीनं टेकवला. टेकवला तो मशीनवर, कापडाच्या अलीकडं. ठोके येणार होते डक्टमधून, कापडाच्या पलीकडून, आणि कापडातच विरणार होते. सगळा जन्म या धंद्यात गेला, पण एवढी साधी गोष्ट त्या वेळी त्याच्या ध्यानात आली नाही.

तो निवांत नट आवळत राहिला. मग मशीनवर एक सावली पडली.

त्यानं मान वळवली. पल्लवी उभी होती, धापा टाकत, चेहरा पांढराफटक. तिचे ओठ हलले. नरसिंगनं नेहमीसारखं अंदाजानं ठोकून दिलं, "व्हय व्हय, कर चालू."

हात अजून पंख्यातच होता.

तिनं झडप घालून त्याचं मनगट बाहेर ओढलं आणि दुसऱ्या हातानं स्विच बंद केला. ती म्हणाली होती, "बाबा, हात काढा." खालून तिनं चारदा ठोके दिले होते, जिन्यातून हाका मारल्या होत्या, त्याच्या पाठीशी उभं राहून ओरडली होती. हे सगळं त्याला नंतर कळलं.

त्या क्षणी पल्लवीनं एक विलक्षण गोष्ट केली. ती वळली आणि त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे जरासे वर गेले, खाली आले. ती काहीतरी बोलली होती. नरसिंगला तिची वेणी दिसत होती, वेणीला लागलेला चुना दिसत होता, शब्द मात्र दिसत नव्हते. लेकीपुढं इतकं लाचार त्याला कधी वाटलं नव्हतं.

ती परत वळली. "काय म्हणाले मी?"

हे त्यानं ओठांवरून वाचलं. "पत्र्यावर ठोकून म्हणली असतीस तर सांगितलं असतं," तो म्हणाला. हसवायला गेला आणि त्याचेच डोळे भरले.

"कवापासून, बाबा?"

"झाले दोन-तीन उन्हाळे."

"मी न्हाई जात पुण्याला." हे तिनं तोंड नीट उघडून सांगितलं, आईसारखंच.

"म्हणून तर लपवलं," नरसिंग म्हणाला. आवाज किती मोठा होतोय याचं त्याला भान नव्हतं. खालच्या बाळंतिणीही ऐकत असतील. "माय, माझे कान पत्र्यानं नेले, त्याची मला तकलीफ न्हाई. पण तुझं पुणं माझ्या कानानं नेलं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

ओढणीच्या टोकानं पल्लवीनं आधी त्याचे डोळे पुसले, मग आपले, आणि जिना उतरून गेली. या खेपेला तिनं बेबीबाईला गच्चीवर धाडलं. बेबीबाईनं नरसिंगला मशीनपासून लांब, दोन्ही हात वर करून उभं केलं. मग गच्चीवरचा स्विच पुन्हा चालू करून तिनं कठड्यावरून "सोड गं!" अशी आरोळी ठोकली आणि मशीन फिरलं.

खाली खोलीत डक्टच्या झरोक्यातून ऊब उतरली. बेबीबाईनं अंगावरची शाल काढून खुंटीला लावली. ओंजळीएवढं एक बाळ झोपेत जांभई देऊन पुन्हा झोपलं. डक्टला तळहात लावून नरसिंगनं पाहिलं, थरथर अजिबात नव्हती. जनकाबाईचं कापड बराबर बसलं होतं.

घरी गेल्यावर लेकीनं आईला सगळं सांगितलं. जनकाबाई भाकरी थापायची थांबलीसुद्धा नाही.

"मला काय नवीन सांगू राहिली? वरीस झालं, मी ह्यांच्या पाठीमागून बोलतच न्हाई." मग ती नवऱ्याकडं तोंड करून म्हणाली, "वायरिंगला आपल्या इकडच्या गोरेगावचा वसराम येईल. गच्चीवर तुमच्यापाशी मी उभी राहीन. तुमचा हात आत असला तर मी कुणाला करंट सोडू देते का, बघा."

"अन् कानाचं मशीन घ्यायचं," पल्लवी म्हणाली. "ते घेतल्याबिगर मी एसटीत पाय ठेवत न्हाई."

नरसिंगनं निमूटपणे मान डोलावली. दोघींपुढं त्याचं कधी काही चाललं नव्हतं.

रविवारी जवळा बाजारच्या थांब्यावर परभणीची एसटी लागली. तिथून पुढं पुण्याची रेल्वे. नरसिंगच्या कानात नवं मशीन होतं, पण एसटीच्या इंजिनानं त्यात असा गहजब मांडला की त्यानं ते काढून खिशात टाकलं. मग तो खिडकीखाली उभा राहिला आणि त्यानं एसटीच्या पत्र्यावर तळहात टेकवला.

पल्लवीनं खिडकीतून वाकून तोंड नीट उघडलं. "त्या दिवशी पाठ फिरवून काय म्हणाले होते, सांगू?"

"सांग."

"म्हणलं होतं, बाबा, मी जाऊ का?"

तिचे डोळे त्याच्यावर खिळले होते. अजूनही तो नको म्हणाला असता तर ती पिशवी घेऊन उतरली असती, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

त्यानं पत्र्यावर थाप मारली. एकदा मारली आणि हात थबकला. पल्लवीचा हात पिशवीकडं गेला.

मग त्यानं दुसरी मारली.

ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनंच खूण केली, आणि त्यानं गाडी काढली. नरसिंग हात न काढता गाडीबरोबर चार पावलं चालत गेला. आतून कुणीतरी पत्र्यावर दोन ठोके दिले, ते त्याच्या तळहाताला लागले.